लोहाऱ्यातला प्रिंटर कुणाचं ऐकतो?

सातबारा, पीकविम्याची पावती, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड. जेवळी, माकणी, सास्तूरहून कामासाठी लोहाऱ्याला आलेला माणूस परत जाताना पिशवीत यांतला एखादा कागद घेऊन जातो. तो कागद ज्या डब्याच्या तोंडातून बाहेर येतो, त्या डब्याकडे मात्र कुणी बघत नाही. एचपी लेझरजेट १०२०. २००५ साली बाजारात आलेला हा प्रिंटर तालुक्याच्या गावातल्या ऑनलाइनच्या दुकानांत, शाळांच्या ऑफिसांत, पतसंस्थांत अजून घरघरत असतो. त्याचं नाव माहीत नसलं तरी कार्ट्रिज सगळ्यांच्या ओळखीचं आहे: १२ए. टोनर संपला की भरून आणायचा, कार्ट्रिज दोनदा हलवायचं, पुढे चालू.

या प्रिंटरचं एक गुपित आहे. बटण दाबलं, दिवा लागला, आतून खरखर आवाज आला, तरी त्या क्षणी त्याला छपाई येत नसते. आत लेझर आहे, ड्रम आहे, छोटा प्रोसेसर आहे, २ एमबी मेमरी आहे. पण हे सगळं कसं चालवायचं याचा प्रोग्राम त्याच्याजवळ नाही. तो प्रोग्राम दर वेळी कॉम्प्युटरनं वायरीतून पाठवायचा, मग प्रिंटर शहाणा होतो. लाइट गेली की सगळं विसरला. लाइट आली की पुन्हा श्रीगणेशा. कायमस्वरूपी आठवण ठेवणारी चिप न बसवल्यानं यंत्र तेवढंच स्वस्त होतं, आणि आपल्याकडे दिवसातून चार वेळा लाइट गेली तर चार वेळा त्याची शाळा भरते. दुकानदाराला याचा पत्ता नसतो, कारण विंडोजमधला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम, हे काम मुकाट्यानं करून टाकतो.

विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर मात्र हेच काम उघड्यावर पाहता येतं. रिक रिचर्डसन नावाच्या प्रोग्रामरनं अशा प्रिंटरांसाठी ‘फू-टू-झेडजेएस’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. प्रिंटरला जागं करण्याची त्यातली क्रिया एका ओळीची आहे: ‘एसआयएचपी१०२०’ नावाच्या फाइलमधला मजकूर घ्या आणि ‘/डेव्ह/यूएसबी/एलपी०’ या फाइलमध्ये ओता. बस. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये नक्कल. फरक इतकाच की ही दुसरी फाइल डिस्कवर कुठेच नाही. तिच्यात जे लिहाल ते थेट वायरीतून टेबलावरच्या प्रिंटरमध्ये जातं.

हे पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस थबकतो. प्रिंटर म्हणजे फाइल?

प्रिंटरच कशाला, कीबोर्ड, माउस, डिस्क, मोडेम, साउंड कार्डसुद्धा. ही कल्पना १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या युनिक्सची, ज्याच्या धर्तीवर पुढे लिनक्स लिहिला गेला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्सवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या ‘विशेष फाइलीं’ची ओळख करून दिली आहे. त्याआधीच्या यंत्रणांमध्ये टेपवर लिहायची रीत वेगळी, टर्मिनलवर लिहायची वेगळी, प्रिंटरची तिसरीच. या दोघांनी ठरवलं की प्रोग्राम लिहिणाऱ्याला चारच क्रिया ठाऊक असाव्यात: उघड, वाच, लिही, बंद कर. पलीकडे काय आहे ही त्याची डोकेदुखी नाही, ती ड्रायव्हरची.

लिनक्सच्या यंत्रावर या प्रिंटर-फाइलची माहिती मागवली की पडद्यावर एक ओळ येते. साध्या फाइलच्या ओळीत जिथे आकार लिहिलेला असतो, इतके किलोबाइट वगैरे, तिथे इथे दोन आकडे दिसतात: १८० आणि ०. पहिला आकडा सांगतो की हे काम यूएसबीवाल्या ड्रायव्हरांच्या खात्यात पाठवायचं. दुसरा सांगतो की त्या खात्यातलं हे पहिलं प्रिंटर-यंत्र, कारण मोजणी शून्यापासून. फाइलला आकार नाही, कारण तिच्यात काही साठवलेलंच नाही. ती एक दार आहे आणि दारावर घर नंबर आहे.

सगळी दारं सारखी दिसू लागली की भलत्या दारात शिरण्याची सोयही होते. लिनक्स लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स सुरुवातीच्या दिवसांत मोडेमवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोन लावायला निघाला आणि मोडेमच्या फाइलऐवजी हार्ड डिस्कच्या फाइलचं नाव देऊन बसला. डायल करण्याच्या आज्ञा इमानेइतबारे डिस्कवर लिहिल्या गेल्या. तोवर तो ज्यावर काम करत होता ती मिनिक्स ही यंत्रणा त्यात पुसली गेली आणि मग त्यानं पूर्णपणे स्वतःच्या लिनक्सवरच काम सुरू केलं. युनिक्सची ही शिस्त किती खरी आहे याचा यापेक्षा महागडा पुरावा नको.

पण १०२० ची वायर खोचली तर यंत्राला कळतं कसं, की हा प्रिंटर आहे, तोही अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा? सुरुवात होते एका क्षुल्लक रोधकापासून. यूएसबीच्या वायरीत चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. प्रिंटरच्या आत माहितीच्या एका तारेला दीड किलोओहमचा रोधक जोडलेला असतो आणि तो त्या तारेचा दाब वर खेचतो. कॉम्प्युटरला एवढंच जाणवतं की तार वर उचलली गेली, म्हणजे कुणीतरी आलं. मग तो सेकंदाचा दहावा भाग थांबतो, कारण प्लग खोचताना हात हलतो, स्पर्श तुटतो-जुळतो. तार स्थिर झाली की तो नव्या पाहुण्याला रीसेट करतो. या क्षणी पाहुण्याचा पत्ता शून्य असतो. नवा येणारा प्रत्येक जण आधी शून्य क्रमांकावर उभा राहतो, मग त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक मिळतो. त्यानंतर त्याला ओळखपत्र मागितलं जातं. ते नेमकं १८ बाइटचं असतं. त्यात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. आपल्या लेझरजेटचे आकडे ‘०३एफ०’ आणि ‘२बी१७’. पहिला एचपीचा, दुसरा १०२० चा.

हे आकडे आणि वस्तूचा प्रकार कळला की लिनक्स एक भलीमोठी यादी चाळतो. कोणता ड्रायव्हर कोणत्या आकड्यांना किंवा प्रकाराला ओळखतो, याची ती यादी. जुळला की तो ड्रायव्हर मेमरीत येतो, ‘एलपी०’ ही फाइल तयार होते, आणि लगेच दुसरा एक प्रोग्राम वर सांगितलेला तो शहाणपणाचा मजकूर तिच्यात ओततो. तो मजकूर एकदा उतरवून ठेवला की दर वेळी सीडी शोधा, ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करा, यांतलं काही नाही. गंमत म्हणजे पीसीच्या आत बसणाऱ्या कार्डांच्या अशाच यादीत इंटेल कंपनीनं स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतलाय, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा. इंजिनिअर लोकांचा विनोद असा कुणालाही न दिसणाऱ्या जागी असतो.

आता एक अक्षर छापून पाहू. ‘क’.

भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी १९८६ साली ठरली. तिच्यात ‘क’ इंग्रजी ‘के’च्याच बटणावर आहे. बटण दाबलं तरी कीबोर्ड आपणहून काही बोलत नाही. यूएसबीत कुणीच आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटरच सेकंदाला शंभरएक वेळा ‘काही आहे का?’ म्हणून विचारतो आणि कीबोर्ड आठ बाइटचं उत्तर देतो. त्या उत्तरात असतो आकडा १४. ड्रायव्हर त्याचा लिनक्सच्या हिशेबातला आकडा करतो: ३७. इथवर मराठीचा संबंध नाही. कर्नल म्हणून जो यंत्रणेचा गाभा, त्याला फक्त इतकं माहीत आहे की ३७ नंबरचं बटण खाली गेलं. वरच्या थरातला एक साधा तक्ता सांगतो की या माणसानं मराठी निवडलंय, तेव्हा ३७ म्हणजे ‘क’. मग त्याचे तीन बाइट होतात, फॉन्ट त्याला आकार देतो, आणि छापायला निघाल्यावर त्या आकाराचे ठिपके होतात. प्रिंटरकडे जातात ते ठिपकेच. १०२० ला मराठी येत नाही, तशी इंग्रजीही येत नाही. इथे काळं कर, इथे कोरं सोड, एवढंच त्याला कळतं.

ठिपके किती? इंचाला ६०० या हिशेबानं ए-फोर कागदावर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६. गुणाकार करा: जवळजवळ साडेतीन कोटी. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी पानाचा नकाशा ४.३५ एमबीचा होतो. आणि प्रिंटरची एकूण मेमरी २ एमबी! पान त्याच्या डोक्यात मावतच नाही. बरं, लेझर प्रिंटरला अर्ध्या पानावर थांबून ‘पुढचं पाठव’ म्हणता येत नाही. कागद एकदा रोलरनं ओढला की ड्रम फिरत राहतो, ठिपके वेळेवर आले नाहीत तर पान वाया. म्हणून ड्रायव्हर आधी तो नकाशा जेबिग नावाच्या पद्धतीनं दाबून बारीक करतो. सातबाऱ्यावर कोरी जागा भरपूर, त्यामुळे तो चांगलाच आकसतो. मग पट्ट्या-पट्ट्यांनी तो प्रिंटरला पुरवला जातो आणि प्रिंटर हातोहात उलगडून कागदावर उतरवतो. मिनिटाला १४ पानं. पतसंस्थेतला शिपाई पुढचा कागद ट्रेमध्ये सरकवत असतो तेवढ्यात साडेतीन कोटी निर्णय घेऊन झालेले असतात.

हे इतकं सरळ नेहमीच नव्हतं. १९८० च्या दशकात पीसी आणि प्रिंटर यांच्या चिपमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असत, देवनागरी नव्हतीच. त्यावर आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी काढलेला तोडगा म्हणजे जिस्ट. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिकडे आलं. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीत लिहिलेला प्रोग्राम मराठीत चालू लागे. त्या प्रोग्रामला मात्र याची गंधवार्ता नसे, तो बिचारा पूर्वीसारखेच आकडे पाठवत राही आणि कार्ड त्यांची अक्षरं घडवी. म्हणजे एके काळी देवनागरी ही विकत आणून खोचायची वस्तू होती. आज तीच वस्तू एक तक्ता आणि एक फॉन्ट होऊन बसली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. भाषेच्या गौरवदिनी भाषणं होतात, त्यात या कार्डाचं नाव कधी ऐकू येत नाही. यायला हवं.

सी-डॅकचीच आणखी एक गोष्ट. सी-डॅकचा परम पद्म हा महासंगणक २००३ साली जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. त्यात आयबीएमचे २४८ प्रोसेसर होते आणि युनिक्सच्या घराण्यातली एआयएक्स ही यंत्रणा. प्रोसेसर विकतचे, पण त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं परमनेट-२ हे जाळं सी-डॅकनं स्वतः घडवलेलं. आता या जाळ्याचं कार्ड जगात दुसरीकडे कुठेच नसेल तर त्याचा ड्रायव्हर कोण लिहून देणार? जिथे वस्तू, तिथेच ड्रायव्हर. ज्याच्या टेबलावर ते यंत्र आहे त्यालाच तो लिहिता येतो, कारण त्यालाच ते दहा वेळा बिघडवून पाहता येतं.

लिनक्सचा सगळा पसारा याच न्यायानं वाढला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्सनं आपल्या कामाची पहिली जाहीर खबर दिली तेव्हा त्यानं आधीच सांगून टाकलं होतं की यात एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसरं काही बहुधा कधीच चालणार नाही. कारणही दिलं होतं: माझ्याजवळ तेवढंच आहे. पुढे कुणाजवळ दुसरं कार्ड होतं, कुणाजवळ स्कॅनर, कुणाजवळ टीव्ही ट्यूनर. मिशेल झार्ड नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं रुग्ण तपासून उरलेल्या वेळात २३५ वेबकॅमसाठी ड्रायव्हर लिहिले. दोनशे पस्तीस! २०२५ च्या सुरुवातीला लिनक्सच्या गाभ्यातल्या ओळी ४ कोटींच्या पुढे गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो तिचा बराचसा भाग म्हणजे जगातल्या चित्रविचित्र यंत्रांच्या खोडी सांभाळण्याचं ज्ञान आहे.

हे ज्ञान उघडं असावं की कुलपात, यावरूनच तर फ्री सॉफ्टवेअरची चळवळ पेटली, आणि तिच्याही मुळाशी प्रिंटरच आहे. ज्या कंपनीचं नाव आपण फोटोकॉपीला देऊन टाकलंय त्या झेरॉक्सनं १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद अडकायचा. प्रिंट देणारा दुसऱ्या मजल्यावर आणि प्रिंटर इकडे तोंड वासून पडलेला. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरला इतकंच करायचं होतं की कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. त्यासाठी प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ मजकूर हवा होता. तो ज्याच्याजवळ होता त्यानं कंपनीला शब्द दिल्याचं सांगून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमननं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे ही चीड होती.

ही चीड आजही समजते. कॅनन एलबीपी २९०० घ्या. एचपीच्या लेझर प्रिंटरांच्या पोटातली यंत्रणा मुळात कॅननच बनवत आली. म्हणूनच एचपीचं १२ए आणि कॅननचं ३०३ ही कार्ट्रिजं एकमेकांच्या जागी बसतात, टोनर भरणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. पण बोली वेगळ्या. एचपीचा प्रिंटर झेडजे-स्ट्रीम समजतो, कॅननचा कॅप्ट. एका धन्याच्या हाकेवर चालणारा बैल दुसऱ्याच्या हाकेला कानही हलवत नाही, तसं. कॅप्टचे नियम जाहीर नव्हते, म्हणून हौशी माणसांना वायरीतून जाणारे बाइट टिपून टिपून ती बोली शिकावी लागली.

ड्रायव्हर लिहिणं हे जोखमीचंही काम आहे. तुमचा ब्राउझर कोसळला तर ब्राउझरच जातो. ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलच्या आत, सगळे अधिकार घेऊन बसलेला असतो. तो चुकला तर आख्खं यंत्र बसतं. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सची तपासणी केली तेव्हा ड्रायव्हरांमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तिप्पट ते सातपट निघालं. यात आश्चर्य नाही. गाभ्यातला कोड जगभरचे लोक रोज वापरतात. एखाद्या विसरलेल्या स्कॅनरचा ड्रायव्हर चालवून बघणारे जगात पन्नास असले तरी खूप.

यावर कुणी म्हणेल, लोहाऱ्यात लिनक्स वापरतंय कोण? खिशातला अँड्रॉइड फोन बाहेर काढा. त्याच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. स्क्रीनवर बोट टेकलं की टचस्क्रीनचा ड्रायव्हर, फोटो काढला की कॅमेऱ्याचा, आडवा धरला की कल मोजणाऱ्या चिपचा. फोनला अंगठ्याचं यंत्र जोडून कुणी ‘मावशी, बोट पुसून ठेवा जरा’ म्हणतो, तेव्हाही तीच यूएसबीची विचारपूस होते: तार उचलली, पत्ता शून्य, अठरा बाइट. आणि चांगला चालणारा फोन तीन-चार वर्षांत अपडेटविना पडतो, त्याचंही एक मोठं कारण ड्रायव्हरच. चिप बनवणारी कंपनी आपले ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य झाडात, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, न देता एका जुन्या आवृत्तीला जोडून ठेवते. पुढच्या आवृत्तीसाठी ते पुन्हा जुळवायला तिला फुरसत नसते, कारण तिला नवी चिप विकायची असते. फोन म्हातारा होत नाही, त्याला वाऱ्यावर सोडलं जातं, हे माझं स्पष्ट मत.

उलट लिनक्सच्या मुख्य झाडात एकदा गेलेला ड्रायव्हर सहसा काढत नाहीत. फ्लॉपीचा ड्रायव्हर अजून आहे. टोरवाल्ड्स ज्या ३८६ वर लिनक्स लिहायला बसला, त्या प्रोसेसरचा आधार २०१२ साली काढला, म्हणजे एकवीस वर्षांनी. नव्या प्रिंटरांत तर ड्रायव्हरची गरजच संपत चालली आहे. ते ठरलेली एकच बोली बोलतात आणि फोनवरूनही थेट पान घेतात. आपल्या १०२० ला ते भाग्य नाही. त्याला दर सकाळी शाळेत घालणारं कुणीतरी लागणारच.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि शाळांमधले, दुकानांमधले कितीतरी कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते आणि त्यांच्या सोबतीचे प्रिंटर, स्कॅनर किलोच्या भावानं भंगारवाल्याला देण्याआधी एक करा. पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या आणि हार्ड डिस्कला हात न लावता त्या पेनड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर चालू करा. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे दोन आकडे समोर येतील. ते आकडे आणि लिनक्स हा शब्द इंटरनेटवर टाकून शोधा, त्या वस्तूचं काय होऊ शकतं ते दहा मिनिटांत कळेल. प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम यांना बऱ्याचदा जीवदान मिळतं. अंगठ्याच्या यंत्राचं मात्र लगेच जमेल असं धरू नका. आधारसाठी लागणारा त्याचा नोंदणीकृत प्रोग्राम बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. तेवढ्या कामाला एक वेगळं यंत्र ठेवा, बाकीची भंगारातून वाचवा.